चाळा, उपरंजन आणि विश्रांती : ब्राउझरमधील डिजिटल खेळण्यांचा सौंदर्यविचार

इंग्रजीतील 'फिजेट' या शब्दाला मराठीत 'चाळा' हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो चुकीचा नाही. मात्र या दोन शब्दांमागील दृष्टी एक नाही. 'फिजेट'मध्ये अस्वस्थ शरीराचे वर्णन आहे. 'चाळा' हा शब्द शरीरापेक्षा हाताकडे आणि हातापेक्षाही हाताच्या गरजेकडे लक्ष वेधतो. आपण 'हाताला काहीतरी चाळा हवा' असे म्हणतो, तेव्हा ती गरज आपण मान्य केलेली असते. आणि 'हे काय चाळे चालले आहेत' असे म्हणतो, तेव्हा तीच गोष्ट निंद्य ठरते. एकवचनी चाळा क्षम्य आणि अनेकवचनी चाळे आक्षेपार्ह, ही सोय मराठीने करून ठेवली आहे. अन्य मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांपुढे हा शब्द मांडला असता बंगालीभाषकाने 'उसखुस' आणि हिंदीभाषकाने 'कसमसाना' हे शब्द पुढे केले. दोन्ही शब्द नेमके आहेत, पण त्यांत अंगाची चुळबूळ आहे. चाळ्याला लागणारी वस्तू त्यांत नाही. चाळा कशाशी तरी असतो: पदराच्या टोकाशी, पेनाच्या टोपणाशी, जपमाळेच्या मण्याशी. या 'कशाशी तरी'चा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अलीकडच्या काळात ही वस्तू संगणकाच्या पडद्यावर आली. ब्राउझरच्या एका खिडकीत उघडणारी, नावनोंदणी न मागणारी, नियम न सांगणारी आणि बहुधा एकाच क्रियेवर उभी असलेली अशी शेकडो डिजिटल खेळणी गेल्या दोन दशकांत निर्माण झाली. २००८ च्या 'धिस इज सँड'मध्ये माउस दाबून धरला की रंगीत वाळू सळसळत खाली पडते आणि तिचे थर साचत जातात. व्हादिम ओगिएवेत्स्की यांच्या २०११ मधील 'कोआलाज टू द मॅक्स'मध्ये एका मोठ्या वर्तुळावरून माउस फिरवला की त्याची चार वर्तुळे होतात, त्या चारांची पुन्हा प्रत्येकी चार, आणि अखेरीस त्या ठिपक्यांतून कोआलाचे चित्र प्रकट होते. टिम होलमन यांचे २०१२ मधील 'द युसलेस वेब' एका बटनानिशी अशा एखाद्या निरुपयोगी पानावर नेऊन सोडते. २०१७ साली फिजेट स्पिनरचे वेड भरात असताना गूगलने शोधाच्या पानावरच फिरणारा एक स्पिनर बसवला. यांपैकी कशातही शत्रू नाही, हारजीत नाही. रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या चार क्रीडाप्रकारांपैकी स्पर्धा, दैव आणि सोंग हे तीन येथे उघडच गैरलागू आहेत. चौथा प्रकार गरगरण्याचा. स्पिनर गरगरतो खरा, पण खेळणारा खुर्चीत स्थिर असतो. घेरी वस्तूला येते, माणसाला येत नाही. काय्वांनी नियमबद्ध खेळाच्या विरुद्ध टोकाला ठेवलेली मुक्त, बालसुलभ 'पैदिया' तेवढी उरते, आणि तीही अगदी तोकड्या रूपात; कारण मुक्त खेळात मूल नवे काही रचते, येथे रचना आधीच संपलेली असते.

मग या वस्तूंना समीक्षेचा विषय का करावे? 'ताण हलका करणारी साधने' म्हणून त्यांची जाहिरात होते, आणि कलाकृतीने मनावरील भार उतरतो हा दावा तर साहित्यविचाराचा फार जुना दावा आहे. अॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिसपासून रंजनवादी मराठी समीक्षेपर्यंत तो निरनिराळ्या वेषांत भेटतो. तोच दावा जेव्हा कथा नसलेल्या, पात्र नसलेल्या, शब्दही नसलेल्या वस्तूच्या नावाने केला जातो, तेव्हा साहित्याच्या बाजूने केलेल्या दाव्यात नेमके काय होते याची तपासणी करण्याची संधी मिळते. हा लेख त्या तपासणीपुरता मर्यादित आहे.

बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५७ मध्ये न्यू जर्सीतील हॉथॉर्न येथे आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शॅव्हान हे भिंतीला लावायचा कागद तयार करू पाहत होते. त्यातून हवेचे फुगे अडकलेले प्लास्टिक हाती आले आणि पुढे ते वेष्टनासाठी वापरले जाऊ लागले. ते फोडण्याचे सुख कोणी योजलेले नव्हते. पुढे ब्राउझरमध्ये त्याच्या कितीतरी प्रतिकृती आल्या, आणि २००७ साली जपानमधील बांदाई कंपनीने 'मुगेन पुचिपुचि', म्हणजे अनंत पुचपुच, हे किल्लीच्या साखळीला लावायचे खेळणे बाजारात आणले. त्यातले फुगे कधीच संपत नाहीत. आता मूळ वस्तूचे सुख कशात आहे ते पाहावे. फुगा एकदाच फुटतो. फुटल्यावर तो परत येत नाही, म्हणून बोट दाबण्यापूर्वी किंचित थबकते. कोपऱ्यातला एखादा फुगा आपण शेवटासाठी राखून ठेवतो. म्हणजे या क्षुल्लक क्रियेतही आरंभ, संचय आणि अंत आहे. तिला एक इवलेसे कथानक आहे. अनंत फुग्यांमध्ये ते कथानकच नाहीसे होते. पडद्यावर 'नवा ताव' असे बटन असते, आणि ते बटन आहे हे ठाऊक झाल्या क्षणी कोपऱ्यातल्या फुग्याची किंमत शून्यावर येते.

मर्ढेकरांच्या लयविचाराचा येथे उपयोग होतो. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांपैकी अखंड पुनरावृत्ती केवळ संवाद पुरवते. विरोध नसल्यामुळे समतोल साधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जपानी खेळण्याच्या कर्त्यांना ही उणीव जाणवली असावी, कारण त्यांनी दर शंभराव्या दाबाला एक वेगळाच आवाज येईल अशी योजना केली: कधी कुत्र्याचे भुंकणे, कधी दारावरची घंटा. मर्ढेकरांनी हे उदाहरण स्वीकारले असते की नाही, सांगणे कठीण आहे. मला ते त्यांच्या सिद्धान्ताचे एक प्रामाणिक, जरा विनोदी प्रात्यक्षिक वाटते. विरोध बाहेरून आणून चिकटवला की तो लयीचा भाग होत नाही, गंमत होते. 'कोआलाज टू द मॅक्स' याहून कितीतरी सरस आहे, कारण तेथे प्रत्येक विभाजन चित्र जवळ आणते आणि माउस फिरवण्याजोगी जागा हळूहळू संपवत नेते. विरोध तेथे कृतीच्या पोटातूनच निघतो.

जपमाळेशी तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. ग्रीक कॉम्बोलॉय या मण्यांच्या सराशी तुलना अधिक योग्य ठरेल, कारण ती माळ मोजण्यासाठी नसतेच. ती केवळ हातात खेळवली जाते. जपमाळेला १०८ मणी असतात आणि मेरुमणी ओलांडायचा नसतो; तेथे पोचलेल्या बोटाला मागे वळावे लागते. या एका नियमाने बोटाची हालचाल विधी बनते. कित्येक डिजिटल खेळण्यांवर आकडा मोजणारे खानेही असते, परंतु मेरुमणी कोठेच नाही. मोजणी आहे आणि मर्यादा नाही, ही स्थिती जपाच्या नव्हे तर हिशेबाच्या जवळची आहे.

ताण हा शब्दही एकदा हाती घेऊन पाहण्यासारखा आहे. हान्स सेल्ये यांच्या १९३६ मधील 'नेचर'मधल्या टिपणापासून शरीरशास्त्रातील 'स्ट्रेस'च्या आधुनिक कल्पनेची सुरुवात मानली जाते. मराठीने तिच्यासाठी दोरीचा आणि धनुष्याच्या प्रत्यंचेचा शब्द निवडला. ताणलेली वस्तू सैल करता येते, पण सैल प्रत्यंचेने बाण सुटत नाही, हेही त्या शब्दात अध्याहृत आहे. चाळ्याने ताण खरोखर उतरतो काय, या प्रश्नावर मानसशास्त्राने जे सांगितले आहे ते एकसुरी नाही. जॅकी अँड्रेड यांच्या २०१० च्या प्रयोगात ४० जणांना एक कंटाळवाणा दूरध्वनी-संदेश ऐकवण्यात आला; ऐकताना कागदावर आकृत्या छायांकित करणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक मजकूर आठवला. उलट, अवधानाच्या अडचणी असलेल्या लहान मुलांच्या वर्गात स्पिनर दिल्यावर त्यांचे लक्ष उणावल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. या विरोधाचे एक साधे स्पष्टीकरण संभवते. आकृती गिरवताना डोळा आणि कान मोकळे राहतात; फिरणारा स्पिनर डोळा मागतो. पडद्यावरचे खेळणे तर केवळ डोळ्यापुढेच असते. हातातला मणी न पाहता फिरवता येतो, पडद्यावरची वाळू न पाहता सांडता येत नाही. चाळा हा मूळचा पार्श्वभूमीवर राहणारा व्यवहार; ब्राउझरने त्याला रंगमंचाच्या मध्यभागी आणून उभे केले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण माझ्या मते या संपूर्ण प्रकाराचा स्वभाव त्याने पालटला.

दुसरा बदल श्रमाशी निगडित आहे. दिवसभर पडद्यापुढे काम करणारा माणूस दोन मिनिटांच्या विसाव्यासाठी त्याच पडद्यावर दुसरी खिडकी उघडतो आणि ज्या तर्जनीने सकाळपासून माउस दाबला त्याच तर्जनीने तो पुन्हा दाबतो. शेतात राबणाऱ्याने विसाव्याला म्हणून घटकाभर नांगर धरावा, असा हा प्रकार आहे. हालचाल तीच, फक्त तिचे फलित काढून घेतलेले. एरवी प्रत्येक दाबाने काहीतरी घडते: पत्र जाते, पैसे जातात, एखादे नाव यादीतून उडते. खेळण्यातला दाब कोणाचेही बरेवाईट करत नाही. मला वाटते, या खेळण्यांचे खरे आकर्षण येथे आहे. त्यांच्यात सुख विश्रांतीचे नाही, निष्परिणामतेचे आहे. ज्याच्या प्रत्येक कृतीची नोंद होते त्या माणसाला नोंद न होणारी कृती हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या पानांवर ही कृतीही प्रत्यक्षात नोंदली जात असते, हा भाग निराळा. सुख समजुतीवर अवलंबून असते.

या ठिकाणी अभिनवगुप्तांकडे वळणे भाग आहे. रस म्हणजे संविदेची विश्रांती, असे ते मानतात, आणि त्या विश्रांतीच्या आड येणारी सात विघ्ने 'अभिनवभारती'मध्ये सांगतात. त्यांतील एक विघ्न म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन असणे. घरची विवंचना डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला रामाचे दुःख भिडणार कसे? यावर त्यांनी सुचवलेला उपाय आजच्या वाचकाला चकित करील इतका व्यवहारी आहे. वाद्ये, गायन, सजवलेला मंडप यांच्या योगे आधी त्या मनाचे उपरंजन करावे. रसिक नसलेलाही त्याने निवळतो आणि पुढील अनुभवाला पात्र होतो. आता डिजिटल खेळणे नेमके हेच करते. आवाज, रंग, लयबद्ध हालचाल यांनी ते स्वतःच्या विवंचनेत गुरफटलेल्या मनाला क्षणभर बाहेर काढते. दोष त्याच्या उपरंजनात नाही. उपरंजनानंतर पडदा वर जावयाचा असतो, तो येथे जात नाही. निवळलेले मन ज्या खिडकीतून आले त्याच खिडकीकडे परत पाठवले जाते. खेळण्यावर 'उथळ' असा शिक्का मारणारी टीका म्हणूनच मला अपुरी वाटते. मृदंगाला कोणी उथळ म्हणत नाही. मृदंग वाजला आणि नाटक झालेच नाही, ही तक्रार वेगळी आहे, आणि ती नाट्यगृहाच्या चालकांकडे करावयाची आहे.

या पार्श्वभूमीवर दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली 'डू नथिंग फॉर टू मिनिट्स', अॅलेक्स ट्यू यांनी जानेवारी २०११ मध्ये केलेली. पडद्यावर समुद्र, लाटांचा आवाज आणि दोन मिनिटांपासून उलटे मोजणारे घड्याळ. माउस किंवा कळफलक यांना स्पर्श झाला की नापास झाल्याची सूचना झळकते आणि घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. दुसरी कृती नील अग्रवाल यांची 'स्टिम्युलेशन क्लिकर', जानेवारी २०२५ मधील. कोऱ्या पानावर एकच बटन. दाबले की एक गुण. गुण साठवून खरेदी करावयाची: पडद्याच्या कडांवर आपटत फिरणारे डीव्हीडीचे चिन्ह, पावसाचा आवाज, बातम्यांची पट्टी, दुसऱ्या कोणाच्या खेळाचे चित्रण, गुन्हेकथा सांगणारा आवाज. पान भरत जाते, ओसंडते, डोळ्याला कोठे ठरावे हे कळेनासे होते. सर्वांत शेवटची खरेदी समुद्राकडे जाण्याची असते.

दोन्हीकडे समुद्र आहे. पहिल्या कृतीत तो आरंभीच दिलेला आहे, आणि हात आवरणे ही त्याची किंमत. दुसरीत तो शेवटी मिळतो, आणि हजारो वेळा हात चालवणे ही किंमत. मधल्या चौदा वर्षांत काय घडले हे सांगण्यासाठी मला याहून बोलका पुरावा ठाऊक नाही. दुसऱ्या कृतीला उपहासिका म्हणतात, ते खरे आहे. तथापि तिचा उपहास बाहेरून केलेला नाही. आपण कशाची थट्टा करत आहोत हे ठाऊक असूनही खेळणारा बटन दाबत राहतो, आणि दाबत राहिल्याखेरीज थट्टा पूर्णही होत नाही. इअन बोगोस्ट यांच्या २०१० मधील 'काऊ क्लिकर'ची जातकुळी हीच. तेथेही खेळाची टर उडवण्यासाठी केलेला खेळ लोक मनापासून खेळत राहिले. पहिल्या कृतीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काहीही न करणे हीसुद्धा तिने परीक्षा करून टाकली. तीत उत्तीर्ण होता येते आणि नापासही होता येते. शांत रसाला स्थान द्यावे की नाही यावर भरतानंतर शतकानुशतके वाद झाला. त्याचा एक आक्षेप असा की, ज्यात सर्व व्यापार थांबतात त्याचा अभिनय करणार कसा? ट्यू यांचे घड्याळ नकळत त्या आक्षेपाला उत्तर देऊ पाहते: अभिनय प्रेक्षकाकडूनच करवून घ्यावयाचा.

तुलनाकारांना आणखी एका गोष्टीने भुरळ पडण्याचा संभव आहे. या कृतींना जवळजवळ भाषाच नाही. अनुवादाशिवाय त्या हैदराबादेत आणि हेलसिंकीत सारख्याच चालतात. १८२७ मध्ये गटेने ज्या विश्वसाहित्याचा उच्चार केला त्याची ही मूक आवृत्ती मानावी काय? मला तसे वाटत नाही. विश्वसाहित्याची कल्पना अनुवादाच्या श्रमावर उभी आहे. दोन भाषांमध्ये जे सहजी जात नाही त्यामुळेच तिला अर्थ येतो. शिवाय या खेळण्यांची मूकता निःसंस्कृत नाही. बुडबुड्यांचे प्लास्टिक फोडण्याचे सुख घरपोच माल मागवणाऱ्या समाजाचे आहे. दाताळ्याने वाळूत रेघा ओढावयाची खेळणी झेन मठांतील शुष्क उद्यानाला त्याच्या साधनेपासून तोडून विरंगुळ्याच्या टेबलावर आणतात. १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदासाठी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली: वाचक आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरीपणातून आनंद होतो. डिजिटल चाळ्यात शिरावयाला दुसरा कोणी नसतोच. तेथील तंद्रीला समाधी म्हटले, तर तिला विकल्प नाही. आणि विकल्प नाही म्हणून तिला निर्विकल्प म्हणावे, तर वेदान्ती हसतील.

या कृतींच्या जतनाचा प्रश्न उरतो. राफाएल रोझेंडाल यांनी २००६ मध्ये 'पेपर टॉयलेट' हे केवळ कागदाची गुंडाळी उलगडण्याचे पान केले, पुढच्याच वर्षी हलणाऱ्या जेलीचे 'जेलो टाइम'. अशी पाने ते कलाकृती म्हणून विकतात. २०११ मध्ये त्यांनी त्यासाठी करारनामाही तयार केला: पान विकत घेणाऱ्याचे नाव पानाच्या शीर्षकपट्टीवर येते, मात्र पान सर्वांसाठी खुले ठेवावे लागते. खासगी मालकी आणि सार्वजनिक वापर यांची ही सांगड साहित्याच्या स्वामित्वहक्काहून निराळी आहे आणि तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. बहुसंख्य खेळण्यांना असे पालक नाहीत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेच बंद झाले, आणि एका पिढीचे चाळे रातोरात मुके झाले. नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हने 'रफल' या अनुकारकाच्या साहाय्याने त्यांतील काही पुन्हा चालते केले. परंतु लीळाचरित्राच्या पाठनिश्चितीसाठी पिढ्या खर्ची पडलेल्या पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला लगेच पुढचा प्रश्न पडेल. येथे पाठ कशाला म्हणावयाचे? आज्ञावलीला, की बोट दाबल्यानंतर आवाज उमटेपर्यंतच्या त्या अल्पशा विलंबाला? विलंब बदलला तर वाळू तीच राहत नाही.

ट्यू यांच्या समुद्राचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये त्यांनी मायकेल अॅक्टन स्मिथ यांच्यासह 'काम' ही कंपनी स्थापन केली. त्या समुद्रापासून सुरू झालेला व्यवसाय २०१६ मध्ये 'स्लीप स्टोरीज' या नावाने प्रौढांना झोपवण्यासाठी सांगितलेल्या कथांपर्यंत येऊन पोचला. म्हणजे हात बाजूला झाला, डोळा मिटला आणि शब्द परत आला. या कथा तुलनाकाराच्या प्रांतात निःसंशय येतात. त्यांना अंगाईची परंपरा आहे, आजीच्या गोष्टीची आहे, आणि ऐकता ऐकता डुलक्या घेणाऱ्या श्रोत्यांवर हरदासांनी केलेल्या विनोदांचीही आहे. मात्र हरदासाला जो श्रोता अपयश वाटे, तोच येथे यश ठरतो. अशा कथेत उत्कंठा कोठवर ताणावी, वाक्य किती लांबवावे, संघर्ष आणावा की टाळावा, आणि मुख्य म्हणजे जो शेवट बहुधा कोणीच ऐकणार नाही तो लिहिणाऱ्याने कसा लिहावा, हे कथनमीमांसेचे प्रश्न आहेत. मराठीतून अशा कथा लिहून घेतल्या जातील तेव्हा लेखकाला 'आटपाट नगर होते' या आरंभाची सवय उपयोगी पडेल; 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' या समाप्तीचे काय करावे, ते त्याला नव्याने ठरवावे लागेल.